मोकच्या हातची जाळी

“आजचे वू-गोक किट-यिंगच्या हातचे ना?” खिडकीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, आणि आत कढईपाशी उभ्या मोकच्या अंगाची लाही लाही झाली.

शाम शुई पो वस्तीतल्या त्या चहाघरात सव्वीस वर्षं वू-गोक म्हणजे मोक. उकडलेल्या अळकुडीची पारी, आत डुकराच्या मांसाचं सारण, आणि तेलात सोडताच वर फुलणारी जाळी. किट-यिंग येऊन सहाच महिने झाले होते. पण वाफाळती अळकुडी ती उघड्या हातांनी मळायची. मोकच्या बोटांना आता तेवढं गरम सोसत नसे. तो गोळा निवू द्यायचा आणि जाळी नाही पडली की अळकुडीला नावं ठेवायचा.

त्या दिवशी मात्र त्याचा सगळा घाणाच तेलात फुटला. सारण बाहेर आलं, तेल काळं झालं. सगळे हातातलं काम सोडून बघत राहिले.

“उस्ताद, अळकुडी पाणचट निघाली असेल,” किट-यिंग हळूच म्हणाली.

मेलीने खिजवलं असतं तर दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. हे सांभाळून घेणंच त्याला जास्त झोंबलं.

दुपारी घरी न्यायच्या डब्यात घालायला त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. आंधळ्या बायकोला, सौ-फानला, रोज दोन लागत. कुणी बघत नाही असं पाहून त्याने किट-यिंगच्या ताटातले दोन उचलले. चोरासारखं वाटलं त्याला.

सौ-फानने आधी बोटांनी जाळी चाचपली, मग घास घेतला.

“अहो, हात परत आला की तुमचा.”

“म्हणजे?”

“दोन वर्षं झाली, नुसते दडस लागायचे हो. म्हटलं, कशाला तुमचं मन दुखवा.”

दोन वर्षं. तेव्हा किट-यिंगचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मोकने सौ-फानच्या पेल्यात चहा ओतला. नेहमीप्रमाणे तिने आभाराची दोन बोटं टेबलावर टेकवली.

“आज अळकुडी चांगली मिळाली,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने रिकामा डबा किट-यिंगच्या कोपराशी सरकवला.

“दोन ठेव.”

जाळी मोडू नये म्हणून तिने डब्यात खाली कागद घातला, ताटातले निवडून दोन ठेवले आणि झाकण त्यालाच लावू दिलं.