गादीवाल्याचे प्रश्न

“आणि कपडे?” गादीवाल्याने विचारले.

हाताने सांधे आणि मणके मोकळे करणारा कायरोप्रॅक्टर हात पुसत होता. तो थांबला. “कपड्यांचं काय?”

“म्हणजे, काढावे लागतात का?”

खुर्चीत बसलेल्या बायकोने मान खाली घातली आणि पर्सची चेन उगाचच उघडून बंद केली. कायरोप्रॅक्टरच्या चेहऱ्यावर मात्र काही हलले नाही. हा प्रश्न त्याला रोज कोणीतरी विचारत असावे. अंगावरचे कपडे तसेच राहतात, फक्त सैल असावेत, असे त्याने सांगितले. काकांनी आत थांबायला हरकत नाही, उलट थांबावेच, असेही म्हणाला.

काका म्हटलेले गादीवाल्याला आवडले नाही. थांबणार तर तो होताच. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि उरलेले प्रश्न काढले. दुखते का? मानेला हात लावणार का? एकदा सुरू केले की सवय लागते, हे खरे का? आणि काही बिघडले तर?

दुखणे बायकोचे होते, प्रश्न सगळे नवऱ्याचे. कायरोप्रॅक्टरने ते एकेक करून निस्तरले. पहिले एकदोन दिवस अंग ठणकेल, नवा व्यायाम केल्यावर ठणकते तसे. दुखणे कमरेचे आहे, त्यामुळे मानेला हात लावायचे कारण नाही. धोका अजिबात नसतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, म्हणून तर आधी एवढी तपासणी. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर माझ्याकडे येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि थोड्या खेपांत फरक पडला नाही तर मीच दुसरीकडे पाठवीन.

या शेवटच्या उत्तराचा गादीवाल्याला सगळ्यात जास्त राग आला. भोंदू पकडायला यावे आणि समोरचा असा सरळ निघावा, म्हणजे पंचाईत होते.

बायकोची कंबर दुखायला लागून बरीच वर्षे झाली होती. रात्रीची भांडी आवरली की ती पालथी पडायची आणि हाक मारायची, “अहो.” एवढीच हाक. गादीवाला हात पुसून यायचा आणि माकडहाडाच्या वर, डाव्या अंगाला अंगठा रोवायचा. ती जागा त्याला बघावी लागत नसे. गादीत कापसाची गाठ कुठे बसली आहे हे जसे तळव्याला कळते, तसे ते कळायचे. “तिथंच,” ती म्हणायची. घरातले बाकीचे सगळे, लेकीच्या शाळेपासून तिच्या लग्नापर्यंत, बायकोने निभावले होते. वाण्याला किती सांगायचे आणि पाहुण्यांना कधी बोलवायचे हेही तीच ठरवायची. त्या घरात त्याच्यावाचून अडणारी ही एकच गोष्ट होती.

आणि गाद्या. आधी कापसाची होती. मग कोणीतरी म्हणाले की कमरेला कडक बरी, म्हणून त्याने काथ्याची केली. मग मऊ बरी असे कानावर आले, तेव्हा फोमची. आता काथ्यावर फोम, कडेला दुहेरी शिवण, सगळी दाभणाने हातशिलाई. दुकानात एखादे चांगले कापड आले की पहिला तुकडा घरच्या खोळीला. प्रत्येक नव्या गादीवर पहिली रात्र काढल्यावर तो विचारायचा, कशी आहे? ती म्हणायची, छान.

प्रश्न संपल्यावर कायरोप्रॅक्टरने तिला टेबलावर कुशीवर वळवले, वरचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर आणि दुसरा कमरेखाली ठेवला. श्वास सोडा म्हणाला. मग एक छोटा झटका. कट्ट.

गादीवाला उभाच राहिला.

आणि बायको हसली. एरवी ती तोंडावर हात धरून हसे. हे हसू पोटातून आले होते, आणि ते आवरायचे तिला सुचलेही नाही. हाड मोडले का, असे गादीवाल्याने विचारले. मोडलेही नाही आणि जागेवरही बसले नाही, कायरोप्रॅक्टर म्हणाला. सांध्यातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात, त्यांचा तो आवाज. नाही आला तरी काही बिघडत नाही.

पण तो आला होता. गादीवाल्याच्या अंगठ्याने इतक्या वर्षांत एकदाही आवाज काढला नव्हता.

पुढच्या दिवसांत बायको बदलली. बादली उचलायला लागली, जिना न थांबता चढायला लागली. रात्री भांडी झाली की ती पालथी पडायची नाही. पाठीवर पडून, गुडघे छातीशी घेऊन, शिकवलेला व्यायाम करायची. गादीवाला हात पुसून दारात उभा.

“दाबून देऊ का?”

“नको. आज काही नाही.”

आज काही नाही, हे त्याला एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितल्यासारखे वाटले.

मग “डॉक्टर म्हणतात” सुरू झाले. डॉक्टर म्हणतात, एका जागी फार वेळ बसू नये. डॉक्टर म्हणतात, वाकताना गुडघ्यातून वाकावे. गादीवाला तिला हेच कधीपासून सांगत होता, निदान सांगत होता असे त्याला आता वाटू लागले. जायच्या दिवशी ती कपड्यांना इस्त्री करायची. कशाला, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली की परक्या ठिकाणी टेबलावर झोपायचे, तर चुरगळलेले बरे दिसत नाही. टेबलावरून उठेपर्यंत ते चुरगळतातच, हे त्याच्या मनात आले, पण बोलायची सोय नव्हती.

लेकीने फोनवर सरळ सांगितले. “बाबा, तुम्ही जळताय.”

“मी कशाला जळू? त्याच्या वयाचा पोरगा माझ्याकडे कापूस पिंजायला होता,” तो म्हणाला. लेक हसतच सुटली आणि फोन आईकडे द्या म्हणाली.

त्यानंतरच्या खेपेला कायरोप्रॅक्टर जरा अडला. दिवसभर बरे असते, पण सकाळी उठताना कंबर आखडते, अशी बायकोची तक्रार अजून होती. त्याने मागचे कागद चाळले आणि विचारले, “झोपता कशावर?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गादीवाल्याच्या कामाचा प्रश्न आला होता. तो खुर्चीत पुढे सरकला. काथ्या कुठला, त्याच्यावर फोम किती जाडीचा, टाके किती अंतरावर, मधे खळगा पडू नये म्हणून कडा कशी आवळली आहे, हे सगळे त्याने सांगितले. कायरोप्रॅक्टरने मधे तोडले नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग बायकोकडे वळला.

“काकू, तुम्ही सांगा.”

बायकोने भिंतीवर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या मणक्याकडे पाहिले.

“खाली,” ती म्हणाली.

“खाली म्हणजे?”

“जमिनीवर. चादर दुमडून. हे झोपले की मी खाली येते.”

कधीपासून, असे कायरोप्रॅक्टरने विचारले. काथ्याची गादी आली तेव्हापासून, ती म्हणाली. सकाळी तिला आधी उठायचेच असते, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्न नव्हता. गादीवाल्याने मनात मागे मोजले. काथ्याची, मग फोमची, मग ही.

गादी मऊ हवी की कडक, याला एकच उत्तर नाही, कायरोप्रॅक्टर सांगू लागला. ज्याच्यावरून सकाळी मोकळे उठता येते ती बरी. जमीन मानवत असेल तर हरकत नाही, पण रोज खालून उठताना कंबर ओढली जाते, तेव्हा कडक आणि पलंगाच्या उंचीचे काहीतरी बघा. हे बोलताना त्याने गादीवाल्याकडे एकदाही पाहिले नाही. ती सभ्यता गादीवाल्याला सगळ्यात जास्त लागली.

बाहेर पडल्यावर दोघे घराच्या वाटेला लागले. फार्मसी गेली, शाळेचे कुंपण गेले. पेट्रोल पंपाच्या वळणावर तो थांबला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“प्रत्येक गादीला विचारलं.”

“गादी कशी आहे, ते विचारलंत. गादी छानच होती.” तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. “पाठ कशी आहे, ते त्यांनी विचारलं.”

गादीवाल्याने रस्त्यापलीकडे पाहिले. “एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंस. आणि त्याला मात्र लगेच सांगून मोकळी झालीस.”

“त्यांना काय वाईट वाटणार आहे? गादी त्यांची थोडीच आहे.”

एवढे बोलून ती चालू लागली. न लंगडता, कमरेवर हात न ठेवता चालत होती, आणि त्याला तिला गाठायला भराभर पावले टाकावी लागली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने पलंगावरची गादी ओढून फरशीवर घेतली. मधोमध खडूने रेघ मारली आणि शिवण उसवायला बसला. बायको दारात येऊन उभी राहिली. एवढी चांगली गादी का फाडताय, असे तिने दोनदा विचारले. तुझी बाजू मोकळी करतोय, तो म्हणाला. फोम त्याने सुरीने कापला, काथ्या करवतीने. स्वतःच्या अर्ध्याला नवी कड घालून खोळ चढवली आणि ते पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूला नुसती फळी राहिली. तिच्यावर त्याने एक घोंगडी दुमडून अंथरली, एक पदर काढून पाहिला, पुन्हा घातला. या वेळी त्याने काही विचारले नाही.

ती आधी कडेवर बसली, मग हळूच आडवी झाली. तिची बाजू त्याच्या बाजूपेक्षा चांगली वीतभर खाली होती. तो आपल्या अर्ध्यावर बसला तर तिच्याकडे वरून बघावे लागत होते.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “उद्या डॉक्टरांना सांगते.”

“सांग,” गादीवाला म्हणाला.

ती कुशीवर वळली आणि बोलता बोलता तिला झोप लागली. पाठ त्याच्याकडे होती. डाव्या अंगाची ती जागा कपड्याखालून त्याला बरोबर दिसत होती. त्याने हात खाली नेला. तिच्या श्वासाबरोबर पाठ वर येत होती, खाली जात होती, कुठेही अडत नव्हती. त्याने हात मागे घेतला. आपल्या अर्ध्याच्या कडेला नव्या शिवणीचा एक दोरा लोंबत राहिला होता. कात्री दूर टेबलावर होती, आणि उठले असते तर पलंग हलला असता. तो वाकला आणि त्याने तो दोरा दातांनी तोडला.