शिंप्यानं खाल्लेला घोडा

मत्सरानं माणूस जळतो असं आपण उगाच बोलतो, पण आमच्या शिंप्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. रविवारी सासरी जेवून आला की सोमवारी त्याला इस्त्रीत कोळसे घालावे लागत नसत. इस्त्री नुसती छातीशी धरायची, की तापली. खोटं वाटत असेल तर त्याच्या हातचे जुने सदरे काढून बघा. सोमवारी इस्त्री झालेले सगळे कॉलरपाशी जरासे करपलेले आहेत.

या जळण्याचं मूळ होतं एक खुर्ची.

शिंप्याचे सासरे नालबंद. घोड्यांच्या पायांना नाल ठोकण्यात त्यांची हयात गेली, आणि हातोडा खाली ठेवल्यावरही घोड्यांचं वेड काही उतरलं नाही. घर रेसकोर्सच्या भिंतीला लागून. जेवणाच्या टेबलाशी हात असलेल्या दोनच खुर्च्या होत्या. एक त्यांची स्वतःची, दुसरी त्यांच्या उजव्या हाताला. बाकी बायकापोरांना बाक, आणि टोकाला एक डुगडुगतं स्टूल. उजव्या हाताच्या खुर्चीत बसायचा धाकटा जावई, म्हणजे शिंप्याचा साडू. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. शिंपी थोरला जावई. आता स्टुलावर कोण बसायचं ते मी सांगायला नको.

चष्मेवाल्याचा गुण एकच. तो घोडा लावायचा आणि घोडा जिंकायचा. त्यात अक्कल म्हणाल तर काही नाही. घोड्याचं नाव आवडलं, लावला. शेपटी आवडली, लावला. एकदा तर खिडकीशी त्याला नुसती शिंक आली, तिकीटवाल्याला ते एका घोड्याचं नाव वाटलं, त्यानं तिकीट फाडून दिलं, आणि तो घोडा पहिला आला! शिंप्यानंही लावून पाहिलं होतं. पण त्याचे घोडे असे, की एक तर इतका मागून आला की पंचांनी त्याला पुढच्या शर्यतीत धरला, आणि तिथेही तो शेवटचाच ठरला.

"जावईबापू, अहो काय नजर आहे तुमची!" नालबंद जेवताना धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचे. मग शिंप्याकडे वळून म्हणायचे, "अहो... हे... तुम्ही, जरा पाणी सरकवा."

इतकी वर्षं झाली, पण शिंप्याला त्या तोंडून 'जावईबापू' काही ऐकायला मिळालं नव्हतं. आणि सगळ्यात झोंबायचं ते हे, की चष्मेवाला आपल्या विजयाची गोष्ट सांगू लागला की शिंप्याची स्वतःची बायको टाळ्या वाजवायची. ती साधी बाई. बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करत होती, एवढंच. पण शिंप्याला ती प्रत्येक टाळी आपल्या गालावर वाजल्यासारखी वाटायची.

मग एके दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जॉकींचे रेशमी सदरे आणि पांढऱ्या विजारी शिवायचं काम त्याच्याकडेच होतं. भिंतीवर ओळीनं टांगलेले ते रंगीबेरंगी सदरे बघता बघता तो स्वतःशीच बोलला, "अरे, एवढ्या सदऱ्यांतला जिंकणार एकच. बाकी सगळे हरणारच ना! मग मी जिंकणारा कशाला शोधतोय?"

रेसकोर्सवर ज्याला 'छत्री' म्हणत, तो सट्टेवाला दुसऱ्याच दिवशी कोटाची बाही आखूड करून घ्यायला दुकानात आला. रंगीत छत्रीखाली उभा राहून पैजा घ्यायचा, म्हणून ते नाव. शिंप्यानं तोंडात टाचण्या धरूनच विचारलं, "घोडा हरेल अशी पैज लावता येते का हो?"

"त्याला लावणं नाही म्हणत, शिंपीबुवा. त्याला खाणं म्हणतात," छत्री म्हणाला. "लोक घोड्यावर पैसे लावतात, ते तुम्ही खायचे. घोडा हरला तर पैसे तुमच्या पोटात. जिंकला, तर लोकांचे पैसे ठरलेल्या भावाच्या पटीत तुमच्या पोटातून काढून द्यायचे. पण खायला बसायचं तर आधी पोट दाखवा."

पोट म्हणजे शिंप्याचा पत्र्याचा डबा. शिवणयंत्राला मोटार बसवायची म्हणून नवरा-बायकोनं त्यात साठवत आणलेलं होतं. डबा कपाटात आहे, एवढं त्यानं सांगितलं. पण अजून कोणता घोडा खायचा ते ठरत नव्हतं.

ते ठरलं पुढच्या रविवारी. चष्मेवाल्यानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर कोपरं टेकवली, चष्म्याची काच पुसली आणि जाहीर केलं, "या खेपेला बिनघोर. काय नाव आहे! ऐकलं आणि मी म्हटलं, हाच."

"वा! जावईबापू म्हणतात म्हणजे झालंच," नालबंद म्हणाले. टाळ्या वाजल्या.

आणि स्टुलावर बसलेला शिंपी हसला. नुसता नाही, दात दाखवून हसला. त्या घरात त्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. सासूबाईंच्या हातातला आमटीचा डाव खाली पडला.

"का हो साडूभाऊ, काय झालं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही लावा की. बिनधास्त लावा."

हसण्याचं कारण असं, की बिनघोरवर बसणारा जॉकी, ज्याला सगळे टाचणी म्हणत, त्याची विजार त्या वेळी शिंप्याच्याच दुकानात होती. देव एवढा सरळ हातात आणून देतो, तेव्हा माणसानं काय करावं? शिंप्यानं बैठकीची पक्की दुहेरी शिवण उसवली आणि तिथे नुसता धावदोरा घातला, तोही लांब लांब टाक्यांचा. तो टाका कापड तात्पुरतं धरून ठेवायला घालतात. त्यावर माणूस उभा राहू शकतो, पण बसून उठू शकत नाही. शेवटच्या वळणावर टाचणी रिकिबीत उठला की शिवण जाणार, टाचणी लाजून खाली बसणार, आणि घोडा ढिला पडणार. असा शिंप्याचा हिशेब.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी छत्री कोट न्यायला आला. शिंप्यानं डबा उघडून त्याच्यापुढे रिकामा केला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बिनघोर मी खाल्ला! त्याच्यावर तुमच्याकडे जे येईल, ते सगळं माझ्या ताटात वाढा."

पडद्यामागे त्याची बायको काजं करत बसली होती. आता इथे गोष्टीचा सगळा घोळ आहे, म्हणून नीट ऐका. त्या दुकानात 'खाल्ला' या शब्दाला वेगळाच अर्थ होता. एखादा अवघड कोट अंगावर चपखल बसला की शिंपी गुडघ्यावर थाप मारून म्हणायचा, "कोट खाल्ला!" म्हणजे फत्ते. सट्ट्याची भाषा त्या माऊलीला काय ठाऊक? तिला वाटलं, आपल्या माणसाला अखेर एका घोड्याची खात्री पटली. इतकी, की अख्खा डबा त्यावर ओतला! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काजांच्या कामाचे तिचे स्वतःचे थोडे पैसे बटणांच्या बरणीत होते. ते घेऊन ती सकाळी छत्रीकडे गेली आणि म्हणाली, "बिनघोर. जिंकेल म्हणून."

"वहिनी, घरी विचारलंय ना?" छत्रीनं घसा साफ केला.

"त्यांचंच ऐकून आले," ती म्हणाली.

छत्री धंदेवाईक माणूस. त्यानं पैसे घेतले.

शर्यत सुटली. शिंपी कठड्याला धरून उभा होता. बिनघोर मधोमध, ना पुढे ना मागे. शेवटचं वळण आलं, टाचणी रिकिबीत उठला, आणि धावदोरा गेला. शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली. आवाज तिकीटघरापर्यंत आला म्हणतात. मी स्वतः ऐकला, पण माझं ऐकणं सोडा.

पुढचं मात्र शिंप्याच्या हिशेबात नव्हतं. टाचणीला वाऱ्याची जाणीव झाली, आणि त्याला जगात फक्त एकच गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे कपडे बदलायची खोली. ती होती अंतिम रेषेच्या पलीकडे. त्यानं घोड्याच्या मानेवर अंग टाकलं आणि असा काही हाकला, की बिनघोरला वाटलं मागून वाघ लागलाय. बरं, पुढचे जॉकी तरी त्याला अडवतील? बिनघोर शेजारून गेला तसं एकेकानं वळून बघितलं आणि एकेकाच्या हातातला लगाम सुटला. एक हसून हसून घोड्याच्या गळ्यातच पडला. एकाचा घोडाही हसत होता, अशी त्या जॉकीनं पुढे शपथ घेतली. बिनघोर इतका पुढे आला, की रेषा ओलांडून टाचणी खोलीत शिरला, विजार बदलून बाहेर आला, तेव्हा दुसरा घोडा पोचत होता.

शिंपी कठड्याशी तसाच उभा राहिला. डबा गेला याचं दुःख पुढचं. त्याला आधी दिसली ती खुर्ची, आणि तिच्यात बसलेला चष्मेवाला, आणि टाळ्या.

त्यानं छत्रीकडे जाऊन खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "माझ्या साडूला किती द्यावे लागतील?"

"तुमच्या साडूला? दमडी नाही. ते सकाळी आले, बिनघोर बदलून 'शिट्टी' लावला. म्हणाले, विजार शिवणारा माणूस हसतोय म्हणजे त्याला आतलं काहीतरी ठाऊक असणार."

शिंप्याला जन्मात पहिल्यांदा साडूचं काळीज कळलं. तोही याच्याकडे बघून जळत होता तर! "मग बिनघोर लावला कुणी?"

"एकाच गिऱ्हाइकानं. भाव मोठा होता, त्यामुळे तुमचा डबा बरोबर तळाशी लागला." छत्रीनं टोपी काढली. "वहिनी पैसे घेऊन गेल्या."

घरी पत्र्याचा डबा कपाटात होता तिथेच होता, आणि भरलेला होता. फक्त त्याला आता एक छोटं कुलूप होतं. बायको टाचणीच्या विजारीला पक्की शिवण घालत बसली होती. टाचणी विजार टाकून नुकताच गेला होता. तिनं दातानं दोरा तोडला आणि वर पाहिलं.

"अहो, हा धावदोरा कुणाच्या हातचा?"

शिंपी थंड इस्त्री पुसू लागला.

"लांब टाका, शेवटी डावीकडे गाठ. या दुकानात डावीकडे गाठ मारणारी मी तरी नाही." तिनं उरलेला दोरा ओढून काढला. "आणि छत्रीनं मला खाणं म्हणजे काय तेही सांगितलं. म्हणजे तो घोडा हरावा म्हणून तुम्ही—"

"अगं, तुझ्याविरुद्ध नव्हतं ते! मला काय माहीत तू लावशील!"

"तुम्ही खाल्ला म्हणालात म्हणून तर लावला! मला वाटलं, माझा माणूस एकदा तरी कुणाच्या बाजूनं उभा राहिला. म्हटलं, मग मी नको का राहायला?"

यावर उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

"टाचणीला काय सांगितलंस?" त्यानं शेवटी विचारलं.

"कापड कुजलं होतं म्हणून सांगितलं. नवीन विजार फुकट देतोय." तिनं सुई गादीत खोचली. "रविवारी काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही फक्त हसू नका."

रविवारी नालबंदांच्या घरात बातमी आधीच पोचलेली होती. चष्मेवाला खुर्चीच्या मागे उभा होता. बसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. 'शिट्टी' अजून धावतोय असं कुणीतरी म्हटलं, त्यावर तो कसनुसा हसला. शिंप्याची नजर बायकोच्या तोंडावर होती. बायकोनं एक शब्द काढला तर स्टूलही जाणार होतं, आणि नालबंदांनी घोड्याशी दगा करणाऱ्याला घराच्या उंबऱ्यातही उभं केलं नसतं.

"बाबा," ती म्हणाली, "घोडा मी निवडला नाही हं. यांनी दाखवला. आदल्या संध्याकाळी हे छातीठोक म्हणाले, बिनघोर खाल्ला! आमच्या दुकानात खाल्ला म्हणजे फत्ते. अख्खा डबा ओतला त्याच्यापायी."

त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच शिंप्याला घाम फुटला.

नालबंदांनी थोरल्या जावयाकडे असं पाहिलं, जसं घोड्याच्या चांगल्या खुराकडे बघावं. मग मोठ्यानं हसले. मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर जी छटा आली, ती शिंप्याला आरशात पाहून पाठ होती. सुखानं त्याच्या पोटात गार वाटलं. उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. नालबंदांनी ती स्वतः बाहेर ओढली, बसायच्या जागेवरून हात फिरवला. शिंप्यानं एक पाऊल पुढे टाकलं.

"पोरी, ये. इथे बस," नालबंद लेकीला म्हणाले. "दाखवणारे पुष्कळ असतात गं. लावणारी तूच."

ती बसली. दोन्ही हातांवर कोपरं टेकवली. तिला ती खुर्ची अशी बसली, की जणू मापं घेऊन शिवलेली.

"जावईबापू," नालबंद पुढे म्हणाले, "तेवढं स्टूल इकडे सरकवा. तिला पाय ठेवायला होईल."

दोन्ही जावयांनी एकदम माना वर केल्या. पण नालबंदांचं बोट शिंप्याकडे होतं. इतक्या वर्षांनी ते नाव त्याला मिळालं होतं, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट. त्यानं वाकून स्टूल सरकवलं, बायकोच्या पायांखाली नीट बसवलं आणि बाकावर साडूशेजारी जागा करून बसला. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. दोघंही त्या खुर्चीकडे बघत होते.

सोमवारी इस्त्री नेहमीसारखीच तापली. फक्त आता ती तापायला रविवारची वाट बघावी लागत नाही. बायको पडद्यामागे काजं करता करता गुणगुणते, कमरेला डब्याची किल्ली वाजते, आणि भिंतीवरचे सदरे आपोआप इस्त्री होतात.