हिरव्या डब्यातली सफरचंदं

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, गोल, घट्ट झाकणाचा. माझ्या अंगावर हिरवा रंग आहे, तोही खिडकीच्या चौकटी रंगवून उरलेला. सध्या माझा मुक्काम जर्मनीत, आखन गावी, केळकरांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. त्यांच्या पत्नी सुलेखाबाई मला दर आठवड्याला कढत पाण्याने घासतात आणि तरीही नाक मुरडतात. "अहो, या डब्यातल्या चिवड्याला कसला तरी आंबूस वास येतो बघा," असे त्या म्हणतात. श्रीरंग केळकर झाकण उघडून हुंगतात आणि म्हणतात, "काही येत नाही. तुझा आपला भास."

तो भास नाही. वास येतो, आणि तो कशाचा आहे हे मला ठाऊक आहे. मोठ्या माणसांना डब्याचे बोलणे ऐकू येत नाही. तुम्हाला येते, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका कारखान्यात मला वळवले, डाख लावून माझे सांधे जोडले आणि माझ्यात दुधाची भुकटी भरली. माझ्या पोटावर तारे आणि पट्टे रंगवले आणि खाली लिहिले, 'अमेरिकन जनतेकडून भेट'. त्या अक्षरांचा मला फार गर्व होता. आगबोटीच्या तळाशी आम्ही शेकडो डबे एकमेकांना टेकून बसलो होतो आणि आपण कुणाची तरी भूक भागवायला निघालो आहोत, या आनंदात खडखडत होतो.

ते १९५३ साल होते. मी ज्या बर्लिन शहरात उतरलो त्याची महायुद्धानंतर वाटणी झाली होती. पूर्वेकडचा भाग रशियाच्या हाताखाली आणि पश्चिमेकडचा अमेरिका, इंग्लंड नि फ्रान्स यांच्याकडे. मध्ये भिंत मात्र नव्हती. गाड्या इकडून तिकडे धावत, माणसे सकाळी जाऊन संध्याकाळी परतत. त्या जूनमध्ये पूर्वेचे कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर रशियाचे रणगाडे आले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत अमेरिकेने पश्चिम भागात शिध्याच्या वाटपाची केंद्रे उघडली. पूर्वेच्या माणसाने यावे, ओळखपत्र दाखवावे आणि पिशवी घेऊन जावे. भुकेल्याला घास देणे हे पुण्य खरेच. पण शेजाऱ्याच्या पोरांना, शेजारी ऐकेल अशी हाक मारून घास देणे, यात पुण्याबरोबर आणखीही काही असते. मला ते कळायला बरीच वर्षे लागली.

मला रांगेत उभी राहून घेऊन गेली ती लिस्बेथ. पूर्वेला एका दिव्यांच्या कारखान्यात ती काम करायची. परतीच्या स्टेशनांवर पोलीस अशा पिशव्या काढून घेत होते, म्हणून ती मला घेऊन पश्चिमेलाच राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, हेडविग क्र्यूगरकडे गेली. हेडविगचा नवरा युद्धात गेला होता. मूलबाळ नव्हते. या दोघी बहिणींना एकमेकींशिवाय जगात कुणी नव्हते. त्यांनी माझ्यातली भुकटी कागदाच्या पुड्यांत बांधली, पुड्या लिस्बेथच्या कोटाच्या अस्तरात गेल्या आणि मी रिकामा मागे राहिलो. मग हेडविगने हिरव्या रंगाचे दोन हात देऊन माझे तारे-पट्टे झाकून टाकले. आता मला पूर्वेत न्यायला कुणाची हरकत नव्हती. माझा गर्व गेला, पण मला काम मिळाले.

पुढची आठ वर्षे मी दर रविवारी या बहिणींमध्ये येरझारा घातल्या. जाताना माझ्यात कॉफी असायची, येताना खसखशीचा केक. मित्रांनो, डब्याचे याहून मोठे सुख कोणते?

याच काळात हेडविगकडे भाड्याच्या खोलीत श्रीरंग केळकर राहायला आले. मिरजेचे, सडसडीत, बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करणारे. भाडेकरूने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, हा त्या घरचा नियम होता. श्रीरंग विद्यापीठाच्या खानावळीत जेवत आणि जिन्यात भेट झाली की हेडविगला वाकून नमस्कार करीत. ते तिला 'फ्राऊ क्र्यूगर' म्हणजे श्रीमती क्र्यूगर म्हणत, ती त्यांना 'हेर केळकर' म्हणजे श्रीयुत केळकर म्हणे आणि हा मुलगा फार सभ्य आहे असे लिस्बेथला सांगे.

१९६१ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी हेडविग कोट घालून, मला कॉफीने भरून स्टेशनावर पोचली, तर गाड्या बंद. रस्त्यावर काटेरी तारा आणि बंदुका. आम्ही परत फिरलो. त्या आठवड्यात पश्चिम बर्लिनची सारी माणसे अमेरिकेकडे डोळे लावून बसली होती. अमेरिका हे कसे चालू देईल? हेडविग स्वयंपाकघरात बसून नखाने माझा रंग खरवडत राहिली. एक तारा उघडा पडला. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "बरं तर, आता काय करणार तुम्ही?"

अमेरिकेहून मोठे पाहुणे आले, फौजेची तुकडी आली, लोकांनी तिच्यावर फुले उधळली. भिंत वाढतच राहिली. पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांना पूर्वेत पाऊल ठेवायला मनाई झाली. परदेशी माणसाला मात्र एका नाक्यावरून जाता येत होते. श्रीरंग आपण होऊन हेडविगच्या दाराशी आले. "फ्राऊ क्र्यूगर, माझा पासपोर्ट भारताचा आहे. तुमचा डबा मी नेईन," ते म्हणाले. तिने नको नको केले, आणि शेवटी मला त्यांच्या हाती दिले. तेव्हापासून मी श्रीरंगच्या काखेत बसून रविवारची वारी करू लागलो.

ऑक्टोबरात हेडविगकडे एक दाढीवाला विद्यार्थी येऊ लागला. पूर्वेतल्या माणसांना गुपचूप बाहेर काढणारी त्यांची एक टोळी होती. चेहऱ्याशी मिळत्याजुळत्या परदेशी बाईचा पासपोर्ट लिस्बेथच्या हाती द्यायचा आणि नाक्यावरून तिला चालत आणायची, असा बेत ठरला. मी टेबलावर होतो, सारे ऐकत होतो. येण्यात तुरुंगाचा धोका होता, म्हणून होकार लिस्बेथनेच द्यायचा होता. "तुमचा तो भारतीय भाडेकरू डबा नेतो ना?" दाढीवाला म्हणाला. "डबा रिकामा आला तर ती तयार आहे. काही भरून आला तर नाही. त्याला मात्र एक अक्षर सांगू नका. पकडला गेलाच, तर ज्याला काही माहीत नाही त्याच्याकडून कोण काय काढून घेणार?"

हाच निरोप टोळीतल्या दुसऱ्या माणसाने लिस्बेथलाही पोचवला. एका दारी पुन्हा जायचे नाही, हा त्यांचा नियम होता, म्हणून उत्तर माझ्यातूनच यायचे होते. तिने तयारी दाखवली, तर बुधवारी स्टेशनामागच्या कॅफेत बसून पासपोर्टाची वाट बघायची होती.

त्याच आठवड्यात त्या नाक्यावर अमेरिकेचे आणि रशियाचे रणगाडे समोरासमोर तोंड करून उभे राहिले. सारे जग श्वास रोखून बसले. शनिवारी दोन्ही बाजूंनी शहाणपण दाखवले आणि रणगाडे मागे सरले. रविवारी श्रीरंग मला घेऊन तिथून गेले तेव्हा रस्त्यावर अजून तेलाचे डाग होते.

लिस्बेथने मला धुतले. कोरडे पुसले. माझ्यात हात घालून एकदा तळाशी फिरवला आणि झाकण लावले. "आज माझ्याकडे द्यायला काही नाही, हेर केळकर," ती म्हणाली. "तिला माझं खूप खूप प्रेम सांगा."

मित्रांनो, मी इतका हलका कधीच नव्हतो. या वेळी मी काही न नेता सर्व काही नेत होतो.

पण श्रीरंग वाटेत अस्वस्थ झाले. तुमच्या घरीही सांगत असतील, शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. निदान चिमूटभर साखर तरी घालावी. मिरजेच्या त्यांच्या आईने ही गोष्ट लहानपणीच त्यांच्या मनावर बिंबवली होती. बिचारीच्या घरात आज काहीसुद्धा नव्हते, या विचाराने त्यांना गलबलून आले. रिकामा डबा बघून थोरलीला काय वाटेल? खिशात पूर्वेची काही नाणी होती, ती पश्चिमेत न्यायला बंदीच होती. नाक्याजवळ एक म्हातारी फळे विकत बसली होती. श्रीरंगनी चार सफरचंदे घेतली आणि एकेक करून माझ्यात ठेवली.

नको, नको, असे मी म्हणत होतो. पत्र्याचा आवाज माणसाला कुठे कळतो? नाक्यावरच्या शिपायाने झाकण काढले, फळे बघितली आणि "जा" म्हणून हात हलवला.

हेडविग दारातच उभी होती. तिने मला दोन्ही हातांनी घेतले आणि वजन कळताच तिचा चेहरा उतरला. झाकण उघडून ती कितीतरी वेळ आत बघत राहिली.

"ही तिनं दिली?"

श्रीरंगनी विचार केला, खरे सांगावे तर लिस्बेथची गरिबी उघडी पडणार. "हो," ते म्हणाले. "मुद्दाम तुमच्यासाठी दिली."

हेडविग ढसाढसा रडली. बहिणीच्या मायेने रडते आहे, असे श्रीरंगना वाटले आणि त्यांचेही डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिने दाढीवाल्याला नाही म्हणून कळवले. तो पासपोर्ट दुसऱ्या कुणाच्या कामी आला. बुधवारी लिस्बेथ आपला चांगला कोट घालून त्या कॅफेत बसली. वेटरने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या तरी ती बसून होती. शेवटी त्याने तिला उठवले.

हेडविगने सफरचंदे खाल्ली नाहीत आणि टाकलीही नाहीत. ती माझ्यातच सडली. तो वास माझ्या सांध्यांत शिरला तो शिरलाच.

पुढची दोन वर्षे रविवार पूर्वीसारखेच चालू राहिले. कॉफी जायची, केक यायचा, आणि श्रीरंग दोन्हीकडे खुशाली सांगून हसतमुखाने परतायचे. पण धाकटीला वाटे, बहिणीला मी नकोशी झाले. थोरलीला वाटे, तिला तिचा कारखाना माझ्यापेक्षा प्यारा. दोघीही माझे झाकण माझ्याकडे न बघता लावायच्या. मी भरलेला असायचो, आणि भरलेला म्हणजे 'नाही' हे आठवून मला भीती वाटायची. सगळे ठाऊक असून गप्प राहणे फार वाईट, मित्रांनो.

१९६३ च्या नाताळात पश्चिम बर्लिनच्या लोकांना नातेवाइकांना भेटायचे परवाने मिळाले. दिवसभर बर्फात रांग लावून हेडविगने आपला परवाना मिळवला आणि मला घेऊन लिस्बेथच्या स्वयंपाकघरात पोचली. आधी दोघी खूप रडल्या. मग मला मध्ये ठेवून समोरासमोर बसल्या.

"का आली नाहीस तू?" हेडविगने विचारले.

"मी?" लिस्बेथ म्हणाली. "मी रिकामाच तर दिला होता. तूच कुणाला पाठवलं नाहीस."

"त्यात सफरचंदं होती."

चुलीवरचे पाणी उकळून आटायला आले. मग लिस्बेथने आपला तळहात माझ्या झाकणावर ठेवला. "त्यांनी घातली असतील," ती हळूच म्हणाली. "माझी लाज राखायला." हेडविग रागाने उठली, पण लिस्बेथने तिचा हात धरला. "त्यांना सांगू नकोस. दोन वर्षं या दाराशी फक्त तेच आले. हे कळलं तर त्या माणसाला जन्मभर अन्न गोड लागणार नाही."

तोवर ती वाट बुजली होती. नाक्यावर पासपोर्टांची कसून तपासणी होऊ लागली होती आणि दाढीवाल्याची टोळीही विखुरली होती. हेडविगने वचन दिले आणि पाळले. श्रीरंग डॉक्टर होऊन आखनला निघाले तेव्हा तिने मलाच त्यांच्या हाती ठेवले. घरात मी तिला बघवत नव्हतो. पुढे परवानेही बंद झाले. भिंत अजून उभी आहे, लिस्बेथ अजून तिकडेच आहे, आणि आता तिच्याकडे डबा घेऊन जाणारेही कुणी नाही.

आखनमध्ये दिवाळीला श्रीरंगकडे मराठी विद्यार्थी जमतात. फराळ झाला की ते मला फळीवरून काढतात आणि माझी गोष्ट सांगतात. यंदा हेडविग पाहुणी म्हणून आली होती, म्हणून त्यांनी ती मुद्दाम जर्मनमधून सांगितली. "आज कबूल करतो, फ्राऊ क्र्यूगर," ते हसत म्हणाले, "ती सफरचंदं मीच विकत घेतली होती. आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. तुम्ही किती रडलात आनंदानं, आठवतं ना?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नव्यानेच आलेली लतिका म्हणाली, "किती छान, सर!"

हेडविगने माझ्याकडे पाहिले. मग श्रीरंगकडे पाहून ती हसली. "आठवतं, हेर केळकर," ती म्हणाली. "फार गोड होती."

तिने त्यातले एकही कापले नव्हते.

मित्रांनो, मला नीट पुसत जा, पोचा आला म्हणून अडगळीत टाकू नका, हे तर कोणताही डबा तुम्हाला सांगेल. माझे मागणे थोडे वेगळे आहे. कुणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिले, तर ते जसे आहे तसे पोचवा. त्यात आपले काही घालावेसे वाटले तर खुशाल घाला, चांगल्या मनाला कोण अडवणार? पण ते तुमचे आहे असे सांगा. त्या रविवारी एवढे एक वाक्य कुणी बोलले असते, तर यंदाच्या फराळाला हेडविगच्या शेजारची खुर्ची लिस्बेथची असती.