बापूसाहेबांची लोखंडी पेटी

नववीला इंग्रजीत ब्याण्णव मिळाल्यापासून घरातला इंग्रजीचा सगळा कारभार योगिनीकडं आला होता. खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरं तिनंच वाचायची, बँकेचे मेसेजही तिनंच. त्यामुळं बागेचं काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा सोळा पानी फॉर्म आला, तेव्हा नागेशनं तो सरळ तिच्या ताटाशेजारी ठेवला. नागेश म्हणजे तिचे पप्पा. बारामतीत कंपन्यांच्या बागा राखायचा त्याचा धंदा होता: लॉन टाकायचं, कुंपण छाटायचं, मेलेली झाडं रातोरात बदलायची.

"काय म्हणतायत?"

"आपल्याकडं किंवा आपण जिथनं रोपं घेतो तिथं, कुणाला गुलामासारखं राबवतात का, विचारतायत."

"गुलाम?" नागेशनं भाकरी मोडली. "अगं, माणूस कामाला यावा म्हणून मी त्याच्या दारात टेम्पो नेऊन हॉर्न वाजवतो. गुलाम मीच हाय. लिही तसं."

"तसा कॉलम न्हाय, पप्पा."

आपल्या चार माणसांना योगिनीनं सगळे प्रश्न विचारून घेतले. चौघांची मिळून एकच तक्रार निघाली, चहा पांचट असतो. तीही तिनं लिहिली. राहिली फक्त रोपवाटिका. रोपं यायची कळंबच्या बापूसाहेबांकडून, आणि तिथं स्वतः जाऊन पाहायचं, असं फॉर्ममध्ये ठळक छापलं होतं.

आता बापूसाहेबांविषयी सांगायला हवं. ग्रामस्वच्छता, आदर्श गोठा, ऊस पीक, अशी एकही स्पर्धा त्यांनी सोडलेली नव्हती. समिती येते, कागद काढते, प्रश्न विचारते, मार्क देते आणि मग ढाल मिळते, हे त्यांना तोंडपाठ होतं. नागेशनं फोनवर "रविवारी एक फॉर्म घेऊन येतोय" एवढंच सांगितलं. बापूसाहेबांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी चुना आणला.

रविवारी टेम्पो पोचला तेव्हा पायवाटेच्या दोन्ही कडांना चुना मारलेला होता, फाटकात रांगोळी होती. नागेशला काही कळायच्या आत अंगावर शाल आणि हातात नारळ आला. योगिनीला गुलाबाचं फूल मिळालं. खुर्च्या मांडून प्रश्नोत्तरं सुरू झाली.

"आबा, कामगारांची ओळखपत्रं कुणाकडं असतात?" योगिनीनं बापूसाहेबांना विचारलं.

"माज्याकडं! समद्या अकरा जणांची. लोखंडी पेटीत. किल्ली माज्या करदोट्याला. लिव."

योगिनीनं लिहिलं. नागेश खोकला.

"काम संपल्यावर त्यांना बाहेर जाता येतं का?"

"एकालाबी न्हाय. सहाला फाटकाला कुलूप. चार म्हयन्यांत एक माणूस भायेर गेला न्हाय. दुसऱ्या कुठल्या नर्सरीत दाव असलं रेकॉर्ड!"

"घरी फोन?"

"रैवारी धा मिन्टं. माज्यासमोर."

"आणि कुणाला काम सोडून जायचं असेल तर?"

"कसं जाईल? कार्ड माज्याकडं हाय की!" मठ्ठ विद्यार्थिनीकडं पाहावं तसं बापूसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं.

नागेश लेकीला टेम्पोमागं घेऊन गेला. "योगे, समदं चांगलं चांगलं लिही. हे असं वर गेलं तर पुण्याचं काम जाईल, अन् ह्यो माणूस तुटंल तो येगळा. असली रोपं अख्ख्या तालुक्यात दुसरीकडं न्हाईत."

"लिहिते की. फक्त खाली तुमची सही हाय. 'वरील सर्व मी स्वतः पाहिले आहे' म्हणून."

अडचण हीच होती, की नागेशनं ते पाहिलं होतं.

तिथंच सावलीत एक बाई पिशव्यांत माती भरत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाई, त्या कागदावर माजं येक लिवता का? सारजा नाव. जत तालुका. घरी जायचंय."

"का हो, मावशी?"

"लेकीचं पयलं बाळंतपण. नववा लागलाय. रीतीपरमानं पोरगी माहेरी येऊन बसलीया, अन् माहेरात आईच न्हाय. शेजारीण भाकरी घालतीया तिला. तीनदा मागितलं कार्ड. म्हनत्यात, हंगाम झाल्याव."

"तसंच निघून गेलं तर?"

"अन् फुकटच्या बाळंतपणाला दवाखान्यात काय दावू? रेशनकार्डबी त्या पेटीतच हाय."

योगिनी परत खुर्चीवर आली. "आबा, फॉर्मला फोटो जोडायचेत. ज्याचं कार्ड त्याच्या हातात, असे."

"बराबर! चेहरा अन् कार्ड, दोनी दिसाया पायजेत. समितीला शंका नको." बापूसाहेबांनी पेटी अंगणात आणवली आणि एकेकाचं नाव पुकारलं. प्रत्येकाला उजव्या हातानं कार्ड देताना ते कॅमेऱ्याकडं बघून थांबत होते. सातव्या माणसाला तर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सारजाला दोन कार्डं मिळाली.

"झालं? आना आता हिकडं."

दहा हात अर्धवट पुढं झाले. सारजानं दोन्ही कार्डं पदरात ठेवून गाठ मारली, वर आणखी एक मारली. "मी लेकीकडं चाल्ले."

"नागेशराव, सांगा हिला! समितीसमोर बेशिस्त!"

नागेश शाल सावरत उभा राहिला. एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्या गाठीकडं.

"बापूसाहेब, ही समिती न्हाय. तुमी माणसं डांबून ठेवता का, असं इचारलंय. तुमी आत्ता चार येळा व्हय म्हणालात."

"म्हंजी... मार्क?"

"एकबी न्हाय," योगिनी म्हणाली. "शेवटच्या पानावर पोलिसांचा नंबर हाय."

बापूसाहेब पालथ्या कुंडीवर बसले. म्हणाले, "आरं, पन समदेच ठेवत्यात. म्या तर पुसून ठेवतो."

"कार्डं ज्याची त्याच्याकडं राहू द्या. सहाला कुलूप लावायचं सोडा. मग पुढची रोपं तुमच्याकडनंच," नागेश म्हणाला. "पेटी परत भरली, तर मी दुसरीकडनं घेईन. मरतुकडी घेईन, पण घेईन."

हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. बापूसाहेबांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. दहा माणसांनी कार्डं खिशात घातली आणि ती परत कामाला लागली.

योगिनीनं वरचं एकही उत्तर खोडलं नाही. खाली फक्त लिहिलं: 'आज कार्डं परत दिली. पंधरा दिवसांनी न सांगता पाहायला येऊ.' नागेशनं सही केली.

"पुण्याचं काम राहील का गं?"

"माहीत न्हाय, पप्पा."

सारजा गाठोडं घेऊन टेम्पोत पुढं बसली. टेम्पो सुरू झाला, तसा योगिनीनं तिच्या लेकीला फोन लावून तिच्या हातात दिला.

"निगाले गं," सारजा म्हणाली. "न्हाय, खरंच. अगं खरंच निगाले. थांब, ह्यो आवाज ऐक." आणि तिनं फोन खिडकीबाहेर धरला.