वापरण्याआधी काढावी

नवं ग्राफिक्स कार्ड घरात आलं तेव्हा इंजिनियरने ते दोन्ही हातांवर असं धरून आणलं, की समोरच्या दारातल्या काकूंना वाटलं घरात बाळ आलं. तीन पंख्यांचं, विटेएवढं जड, काळंभोर ध्यान. 'इंजिनियर' हे त्याचं शिक्षण नव्हे, टोपणनाव होतं. फार पूर्वी त्याने घरातला मिक्सर उघडला होता आणि तो पुन्हा चालूही झाला होता. उरलेले दोन स्क्रू अजून डबीत आहेत, पण पदवी कायमची मिळाली.

पोटासाठी तो एका फर्निचरवाल्याकरता कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरांची आणि कपाटांची चित्रं काढायचा. अजून बांधलीच नाहीत अशी कपाटं, पण फोटो काढल्यासारखी दिसायची. जुन्या कार्डावर एकेक चित्र तयार व्हायला अर्धा दिवस लागे. ते कार्ड गरीब होतं, मंद होतं, पण तोंडातून कधी ब्र काढत नव्हतं. नवं आल्याबरोबर त्याने ते धाकट्या भावाला देऊन टाकलं, आणि 'आता बघ, आवाजसुद्धा येणार नाही' असं बायकोला सांगितलं. त्यानंतर तासाभरातच नव्या कार्डाने तोंड उघडलं. खर्र. जरा गप्प. पुन्हा खर्रर्र.

बायकोला इमारतीत सगळे घोषणाबाई म्हणत. बसस्थानकावर बारा वर्षं तिने गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. उशिरा येणारी गाडीसुद्धा ती अशी सांगायची, की लोक रागवायचं विसरून बाकावर बसून राहत. मग तिथे यंत्र आलं. ते वेळेवर सुटणारी गाडीही रद्द झाल्याच्या सुरात सांगू लागलं. सगळे म्हणाले, प्रगती आहे. घोषणाबाईंना निरोपाला एक टेबलावरचं घड्याळ मिळालं.

ते घड्याळ अजून प्लास्टिकमध्येच होतं, कारण या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नसत. नियम सासूबाईंचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दांड्याला कव्हर, सोफ्यावर जाड पारदर्शक आवरण. पाहुणा बसला की सोफा आधी बोलायचा, मग पाहुणा. गादी तर अशी कुरकुरायची, की कोण कुशीवर वळलं ते शेजारच्या खोलीत कळे. "वस्तू नवी राहते," सासूबाई म्हणत. तेही खरंच होतं म्हणा, वापरलीच नाही तर जुनी होईल कशी?

तर आता घोषणाबाईंना पुन्हा एक काम मिळायची शक्यता होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून ठेवणारं एक ग्रंथालय होतं. त्यांना वाचणारी माणसं हवी होती, आणि दहा मिनिटांचा नमुना घरूनच रेकॉर्ड करून पाठवायचा होता. तिला ते काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. चार वर्षं तिचा आवाज 'गॅस बंद केलात का' आणि 'कुरियर आलंय' एवढ्यापुरता उरला होता, आणि याचं तिला रोज वाईट वाटायचं.

ग्रंथालयाने मधमाश्यांवरच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायला दिलं. माइक कॉम्प्युटरला जोडायचा, आणि घरात कॉम्प्युटर एकच. तिने वाचलं, पाठवलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: 'वाचन आवडलं. मागे माश्यांचा गुंजारव मुद्दाम घातला आहे का? तसं असल्यास कृपया काढावा. स्वच्छ नमुना शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावा. त्यानंतर यादी बंद होईल.'

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या पंख्याला काहीतरी घासतंय. उघड्या वहीच्या पानाचा कोपरा पंख्याखाली फडफडतो ना, तसा आवाज आहे."

सोफ्यावर बसलेल्या सासूबाई उगाचच खोकल्या.

"अगं, तुला यातलं काय कळतंय?" इंजिनियर म्हणाला. "बेअरिंग नवं आहे. बसायला वेळ लागतो."

बारा वर्षं गोंगाटात काढून जिने मागे वळून न बघता नुसतं इंजिन ऐकून गाडी ओळखली होती, तिला आवाजातलं काय कळणार? इंजिनियर शास्त्रशुद्ध तपासाला लागला.

सोमवारी त्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घातलं. मंगळवारी पंख्यांचा वेग कमी केला. आवाज कमी झाला, कार्ड इतकं तापलं की कॉम्प्युटर आपला आपण बंद पडला, आणि अर्धं झालेलं एक कपाट त्यात गेलं. मग त्याने दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, "साहेब, आठ दिवस चालवा, बसेल." आठ दिवसांत कार्ड परत घ्यायची मुदत संपत होती, हा केवळ योगायोग. बुधवारी धाकट्या भावाने फोनवरून, म्हणजे उंटावरून, शेळ्या हाकल्या. "दादा, पंखा नाहीच आहे तो. कॉइलचा आवाज आहे. भारी कार्डांना येतोच. वहिनींना सांग, सवय होईल." याच्या घरी जुनं कार्ड मुकाट चाललं होतं.

"ते जुनं कार्ड एक दिवसापुरतं द्याल का, भावोजी?" घोषणाबाईंनी विचारलं.

"वहिनी, दिलं असतं हो, पण मुलगा त्यावर खेळतोय. एकदा बसवलेलं हलवू नये म्हणतात."

गुरुवारी मात्र इंजिनियरच्या हाती मोठा शोध लागला. कॉम्प्युटरचा डबा आडवा झोपवला की आवाज एकदम बंद! त्याने आईला बोलावून दाखवलं, बायकोला दाखवलं, समोरच्या काकूंनाही दाखवलं. "गुरुत्वाकर्षण," तो गंभीरपणे म्हणाला. आडवा केल्यावर आवाज थांबतो म्हणजे आत काहीतरी लोंबतंय, एवढं कळायला न्यूटन लागत नाही. पण याने कॉम्प्युटरलाच झोपायची सवय लावायचं ठरवलं. वीस मिनिटांनी खर्रर्र परत आली.

"झाकण उघडून खालून बघा ना एकदा," घोषणाबाई म्हणाल्या.

"खालून बघण्यासारखं काही नाहीये." तो पटकन म्हणाला, आणि आईकडे बघितलं. आईने रिमोटची पिशवी नीट केली.

शनिवार उजाडला. सकाळपासून तिने तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा पुसलं. कार्ड काढूनच ठेवावं तर पडद्यावर काळोख. त्या कॉम्प्युटरला कार्डाशिवाय दिसतच नव्हतं. टेबलाखाली उशा लावल्या, डब्यावर रजई घातली, तर आतून गरम वास यायला लागला. साडेतीन वाजले. पुढच्या परिच्छेदात राणीमाशी मरते, आणि तिथेच नेमकी खर्रर्र. आपण त्या लोकांना काय लिहायचं, की माझ्या घरात दहा मिनिटं शांतता मिळत नाही? ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

घशाला बरं म्हणून पाण्यात चिमूटभर साखर घालायला तिने बरणी ओढली. बरणीचं झाकण मागेच फुटलं होतं. त्या जागी सासूबाईंनी एक पारदर्शक चकती बसवून रबर लावलं होतं. चकती अगदी गोल, पण कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. तिने उजेडात धरली. त्यावर बारीक अक्षरांत चार भाषांत छापलं होतं: वापरण्याआधी ही फिल्म काढावी.

शेजारच्या मिठाच्या बरणीवर दुसरी होती. तिखटाच्या डब्यावर तिसरी.

तीन चकत्या. तीन पंखे.

ती तिन्ही चकत्या घेऊन बाहेर आली आणि टीपॉयवर एका ओळीत मांडल्या. बारा वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती, की घोषणेआधी जरा थांबलं की लोक आपोआप माना वर करतात.

दोघांनी माना वर केल्या.

"हवा जायला जागा केली होती ना पण!" इंजिनियर आधी बोलला. "नुसती फिल्म ठेवली असती तर पंखे गुदमरले असते, एवढं मला कळतं. मी बरोबर पंख्यांपुरती गोल कापली. आईने टॉर्च धरला होता."

"त्याचा हात स्थिर नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं भोक मीच कापलं. नखांच्या कात्रीने."

"बाकीची फिल्म तशीच ठेवली?"

"एवढं चकचकीत कार्ड. ओरखडा नको म्हणून..."

"ते डब्यात असतं. अंधारात. खाली तोंड करून. ओरखडा कोण काढणार, झुरळ?"

आठवडाभर ड्रायव्हर सुळी गेला, बेअरिंग गेलं, कॉइल गेली, गुरुत्वाकर्षणाचीसुद्धा साक्ष काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणावं तर तेही खरं नाही. वळसा घालणाऱ्याला कळसा कुठे आहे ते ठाऊक नसतं. या मायलेकांना पक्कं ठाऊक होतं. फक्त 'प्लास्टिक काढलं नाही म्हणून बिघडलं' हे या घरात मोठ्याने म्हणायची प्राज्ञा नव्हती, म्हणून अळीमिळी गुपचिळी.

"काढा," घोषणाबाई म्हणाल्या.

कार्ड बाहेर आलं. कापलेल्या कडा उष्णतेने वळल्या होत्या, आणि मधल्या भोकाची एक जीभ पात्यांवर लोंबत होती. ते भोक कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. इंजिनियरने कोपरा नखाने उचलला आणि डोळे मिटले.

"जिथे पंखा नाही, तिथला एक पट्टा ठेवू का?"

"अहो!"

फिल्म निघाली. कार्ड जागेवर बसलं, डबा उभा राहिला, बटण दाबलं. तीन पंखे फिरत होते, आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. साडेचार वाजले होते. घोषणाबाई खुर्चीत बसल्या, हेडफोन चढवला, आणि राणीमाशीपाशी पोचल्या.

चर्र.

तिने कार्डाकडे असं पाहिलं, की ते माणूस असतं तर घर सोडून गेलं असतं. कार्ड गप्प होतं. तिने श्वास घेतला. चर्र. श्वास सोडला. पुन्हा चर्र. मग तिने हळूच पाठ जराशी हलवली, आणि तिचा चेहरा उतरला.

आवाज तिचाच होता. म्हणजे खुर्चीचा. सहा वर्षांपूर्वी आलेली कामाची खुर्ची, पाठीला आणि बैठकीला प्लास्टिक घट्ट गुंडाळलेली. पंख्याला काय घासतंय ते आठ दिवस जगाला सांगणाऱ्या बाईला, आपण कशावर बसलोय ते ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यांना काय बोलायचं? तीसुद्धा याच घरातली झाली होती.

"पंचवीस मिनिटं राहिली," इंजिनियर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही सुचवलं नाही.

तिला उठून उभ्याने वाचायचंही सुचेना. "राहू दे," ती म्हणाली. "माझ्या नशिबातच नाही ते."

तेवढ्यात सोफा कुरकुरला. सासूबाई उठल्या होत्या. त्या आत गेल्या, नखांची कात्री घेऊन आल्या आणि सुनेच्या मागे उभ्या राहिल्या.

"उठू नकोस," त्या म्हणाल्या. "उठबस करण्यात वेळ जाईल."

आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचं प्लास्टिक वरून खाली सरळ कापलं. मग बैठकीच्या कडेने कात्री फिरवली आणि सुनेच्या खालून ते ओढून काढलं. आतली खुर्ची निळी निघाली. सहा वर्षं सगळे तिला राखाडी समजत होते. सासूबाई एक क्षण त्या निळ्याकडे बघत राहिल्या.

मग त्या परत सोफ्याकडे वळल्या, आणि थांबल्या. सोफ्यावर बसलं की तो बोलणार. गुडघ्यांनी पाच वर्षं त्यांना जमिनीवर बसू दिलं नव्हतं. त्यांनी भिंतीला हात लावला, मुलाचा खांदा धरला, आणि तोंडातून अक्षर न काढता त्या फरशीवर बसल्या. बोट ओठांवर ठेवून सुनेला मानेने खूण केली, वाच.

घोषणाबाईंनी वाचलं. थंडीत माश्या राणीभोवती गोळा होतात, बाहेरच्या आत जातात आणि आतल्या बाहेर येतात, म्हणजे कुणा एकीलाच गारठा सोसावा लागत नाही, हे तिने सांगितलं. खोलीत कुणीही हललं नाही. इंजिनियर एका पायावर अवघडलेला, तसाच उभा. सासूबाईंचे डोळे मिटलेले. सून बारा वर्षं रोज बोलायला जात होती, पण ती काय आणि कसं बोलते हे ऐकायला त्या एकदाही बसस्थानकावर गेल्या नव्हत्या.

चार अठ्ठावन्नला नमुना गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, आणि तिने ते मोठ्याने वाचलं: 'या वेळी माश्या नाहीत. पुस्तक तुम्हीच पूर्ण करा.' शेवटच्या शब्दाशी तिचा आवाज फुटला. तिने तो आवरला नाही.

"मी म्हटलंच होतं, काहीतरी घासत असणार," इंजिनियर म्हणाला.

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. घोषणाबाई सासूबाईंना उठवायला खाली वाकल्या.

"आई, हात द्या. सोफ्याचंही काढून टाकू या का आत्ताच?"

"आज नको," सासूबाई तिचा हात घट्ट धरून उठत म्हणाल्या. "आज एक झालं ना. आणि रोज वाचणारच आहेस, तर मला खाली बसायची सवय होऊ दे."