डोंग्याच्या दांड्याची चमक

माझ्या मोठ्या भावाची, कवडूदादाची, नजर गेली. डावा डोळा पूर्ण गेला आणि उजव्यात पपईच्या पोकळ देठातून पाहावं एवढंच उरलं आहे. डॉक्टर म्हणतात काचबिंदू. करुणावहिनी म्हणते नशीब. मी म्हणतो क्लिअर कोट, एक लिटरचा डबा, माझ्याच दुकानातला. असं म्हटलं की लोक मला समजावायला लागतात, आणि मला समजावून घ्यायचं नसतं.

पांढुर्ण्यात माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. कोणत्या भिंतीला काय लावायचं, कोणत्या गेटला काय, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक अर्धं बोललं की मी डबा काउंटरवर ठेवतो आणि पुढच्याकडे वळतो. लोक म्हणायचे, वीरेंद्रला पूर्ण सांगावंच लागत नाही. हे ऐकून मी फुशारून जायचो. आता तीच आठवण नकोशी होते.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. रामाकोन्याला शेती करतो. आमचा संत्र्याचा अर्धा बगीचा बंधाऱ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. श्रावणात पाणी चढलं की माघापर्यंत पायवाट बुडालेली असते, आणि रस्त्याने जायचं तर दुसऱ्या गावाला वळसा पडतो. म्हणून आमच्या घरी आधीपासून एक लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी, होता. तो कुजला तेव्हा दादाने कुठल्याशा तलावावरून जुना अॅल्युमिनियमचा डोंगा विकत आणला. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि पातेल्याला गंज. डोंगा टेम्पोतून उतरला तेव्हा वहिनी दारातूनच म्हणाली होती, "एवढा मोठा जर्मनचा गंज कायले आणला? यात कोणाचा भात शिजवाचा हाय?" दोन्ही कडांना हाताएवढे जाड दांडे होते, धरून चढायला. दादाने ते घासून घासून लखलखीत केले होते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी दादा दुकानात आला. सौंसरला गाडी बदलून, हातात कापडी पिशवी घेऊन. पोळ्याच्या आधी माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते. बैलांच्या शिंगांना रंग पाहिजे असतो, लहान लहान डब्या, लाल, हिरवा, सोनेरी, आणि प्रत्येकाला आपल्याच बैलाची घाई. दादाने गर्दीतून हात पुढे करून वल्ह्याची कडी काउंटरवर ठेवली.

"वीरेंद्र, हे पाह्य. पांढरी पडून राहिली. दांडेही असेच झाले."

"मंग? डोंगा चमकवून कोणाची वरात न्याची हाय, दादा?"

गिऱ्हाइकं हसली. मला गिऱ्हाइकांना हसवायला आवडतं.

"चमकाले पाह्यजे," तो म्हणाला. "दुरून दिसाले पाह्यजे."

मी एका हाताने डब्या देत त्याला सांगितलं. दांडे सोडवून नागपूरला पाठवले तर तिथे तेजाबाच्या टाकीत बुडवून त्यावर पक्का थर चढवून देतात, पण आरशासारखी चमक राहत नाही आणि ऐन हंगामात डोंगा बसून राहतो. दुसरं म्हणजे पॉलिश करून वर मेण. तिसरं म्हणजे क्लिअर कोट, पारदर्शक रंगच म्हणा.

"मेणाचं कसं रायते?" त्याने विचारलं.

"चमक सगळ्यात चांगली त्याचीच. पण दीड महिन्यात उतरते. दर महिन्याले घासा, लावा, पुसा. कोण करन?"

"मले ते बारीक काम नाही जमत आता. तू येत जाशील महिन्यातून एखाद्या आइतवारी."

"आइतवारीच माह्याकडे गर्दी रायते, दादा. मी क्लिअर कोट मारून देतो. एकदा मारला की पाच वर्षं झंझट नाही."

तीन पर्यायांतून मी कोणता निवडला आणि का, हे मी स्वतःलाही तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो. दांड्याला काय चांगलं हे मी पाहिलंच नाही. ज्यात मला परत जावं लागणार नाही, ते मी निवडलं. रामाकोना काही दूर नाही. सकाळी निघून दुपारी परत येता येतं. तरी मी वर्षातून दोनदा जायचो, होळीला आणि अक्षय्य तृतीयेला.

दादा थिनरच्या पिंपाजवळच्या स्टुलावर बसून राहिला. मी चहा मागवला, तो त्याने घेतला. मग "जातो, गाडीची येळ झाली" म्हणून उठला. कडी काउंटरवरच राहिली होती, ती मी मागून नेऊन दिली.

पोळा झाल्यावरच्या रविवारी मी गेलो आणि एका दुपारी काम उरकलं. ड्रिल मशीनला बफ, म्हणजे पॉलिशची कापडी चकती, लावून दांडे असे चमकवले की त्यात आभाळ दिसायला लागलं. पॉलिशचा सगळा तेलकटपणा थिनरने दोन-तीनदा धुवून काढायला हवा होता. वरचा कोट धरून राहावा म्हणून आधी प्रायमरचा हात द्यायला हवा होता. हे मी रोज लोकांना सांगतो. पण प्रायमरने चमक जराशी मरते, आणि तो वाळायला वेळ लागतो, आणि मला पाचची गाडी पकडायची होती. मी फडक्याने पुसलं आणि कोट मारला.

त्या दुपारी मला दिसायला हवं होतं ते सगळं समोर होतं. वहिनीने बशी ठेवली तर दादाचा हात आधी बशीच्या शेजारी पडला. वहिनी म्हणाली, "आजकाल हे चौकटीले खांदा मारतात." मी म्हणालो, "गाडी जुनी झाली वहिनी, आता स्टेअरिंग बदला." दादाही हसला. मग तो काठावर गेला, ऊन दांड्यावर होतं, आणि सरळ पाय टाकून डोंग्यात चढला. "आता दिसते," म्हणाला. माझ्या कामाची तारीफ करतो आहे, असंच मी समजलो.

निघताना मी एक गोष्ट सांगायची विसरलो, की हा कोट घासायचा नसतो. आमच्या भागात जर्मनचं भांडं म्हटलं की बायका त्याला राख आणि वाळलेली संत्र्याची साल लावून घासतात. माझ्या घरी रोज होतं, माझ्या डोळ्यांदेखत. दादाने वहिनीला बजावलं होतं की दांड्यांची चमक जाऊ द्यायची नाही. ती बिचारी दर शुक्रवारी राख आणि साली घेऊन काठावर जायची आणि मन लावून दांडे घासायची. कोटावर ओरखडे पडले, कडा सुटल्या, आत पाणी शिरलं. दिवाळीनंतर दादाचा फोन आला, "वीरेंद्र, दांडा भुरा पडून राहिला." मी म्हणालो, "ओल्या फडक्यानं पुसून पाह्य." तेव्हाही समोर गिऱ्हाईक होतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, तोडणीचे दिवस चाललेले असताना, दादा सकाळी डोंग्यात चढायला गेला आणि डोंग्याऐवजी पाण्यावर पाय ठेवला. काठ आणि डोंगा यांच्या मध्ये पडला. पाणी गुडघाभरच होतं, पण मनगट मोडलं. वहिनीचा फोन आला आणि मी धावत गेलो. दांडे पाहिले. चमक नव्हतीच, वाळलेल्या चुन्यासारखा पांढुरका पापुद्रा सुटून लोंबत होता. पाण्याचा, काठाच्या गाळाचा आणि दांड्याचा रंग एकच झाला होता. मी दादाला पाण्याचा गिलास दिला. त्याने हात पुढे केला आणि गिलासाच्या वीतभर अलीकडे मूठ मिटली.

मनगटाचं प्लास्टर झालं, आणि फेब्रुवारीत मी त्याला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?

"दोन वर्षं झाले असतीन," दादा म्हणाला. "मधातलं दिसे, बाजूचं नाही दिसे. डोंग्याचा दांडा उन्हात चमकला की कड समजे. त्यावर नजर ठेवून पाय टाको."

डॉक्टर म्हणाले, यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवायची. सहा महिने आधी आला असतात तर उजवा डोळा बराचसा वाचला असता. सहा महिने म्हणजे पोळा, हा हिशेब करायला मला बोटं लागली नाहीत. दर महिन्याला मेण लावायला गेलो असतो तर दुसऱ्या खेपेला तरी मला कळलं असतं. मी इतकाही आंधळा नव्हतो. मी तिथे नव्हतो, एवढंच.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रामाकोन्याला जातो. दुकान बंद ठेवतो. सगळा कोट पॉलिश पेपरने खरवडून काढला आहे. दांडे घासतो, मेण लावतो, पुसतो. आरशासारखे होतात. डोंगा वहिनी वल्हवते, तिला दांडे चमकले काय आणि न चमकले काय. दादा काठावर खाटेवर बसून असतो, मेणाचा डबा हातात धरून, मी मागितला की आवाजाच्या दिशेने पुढे करतो.

मागच्या खेपेला माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "दादा, मले एकदा तरी सांगाचं होतं रे."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सांगालेच आलतो ना, पोळ्याच्या वक्ती," तो म्हणाला. "दांड्याचं काम होतंच. पण पयले डोळ्याचं इचाराचं होतं, नागपूरले नेशीन काय म्हणून. चारचौघात कसं बोलाचं? म्हटलं, गर्दी ओसरू दे. अर्धा घंटा बसलो. मंग गाडीची येळ झाली."