स्मोकवेनाकच्या वळणावर

मित्रांनो, सारायेवो शहराच्या वरच्या अंगाला, जिथे घरं विरळ होतात आणि आलुबुखाराच्या बागा सुरू होतात, तिथे एका कुंपणाआड चाकं काढलेली पांढरी मिनीबस उभी आहे. ती मी. माझ्या टपावर पानांचा थर साचला आहे आणि मागच्या खुर्चीखाली एका मांजरीने पिल्लं घातली आहेत. आज मला कुणी हाक मारत नाही. पण एके काळी मी सहा देशांच्या रस्त्यांवर धावत होते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी एका लहान गावातल्या शाळकरी मुलांना पोहायच्या तलावावर नेत असे. ओल्या टॉवेलांचा वास माझ्या गाद्यांत कायमचा मुरला होता. मग त्या गावाने नवी गाडी घेतली आणि मला एका मोकळ्या मैदानात विकायला उभं केलं. तिथे मुनिब आला. तो पूर्वी सारायेवोत ट्राम चालवायचा. रुंद खांद्याचा, मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने माझं इंजिन ऐकलं, दार दोनदा उघडून लावलं आणि म्हणाला, "चल म्हातारे, तुला डोंगर दाखवतो."

मी तेव्हा मुळीच म्हातारी नव्हते. पण ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

मुनिबच्या बायकोने, फाहिराने, माझ्या खिडक्यांना निळे पडदे शिवले. जुनी बाकं काढून मऊ खुर्च्या बसवल्या. परदेशातून आलेल्या आठ-दहा पाहुण्यांना घेऊन मी बोस्नियातून निघायचे. मग माँटेनेग्रो, अल्बेनिया, मॅसेडोनिया, कोसोवो, आणि शेवटी सर्बियात बेलग्रेडला दोन नद्या मिळतात तिथे त्यांना उतरवायचे. पुढच्या खुर्चीवर वेद्राना बसायची. ती आमची वाटाडी. दुब्रोव्निकची, चाळिशीतली, हातात माइक आणि डोक्यात चारशे वर्षांचा इतिहास. मुनिब तिला मास्तरीणबाई म्हणायचा.

"मास्तरीणबाई, जरा दम घ्या. ते राजे कुठे पळून जात नाहीत. मेलेत ते."

"मुनिबदादा, तुम्ही समोर बघा. राजांच्या मागोमाग आपणही जाऊ नाहीतर."

पाहुणे काही न समजताही हसायचे.

सीमेवरचे शिपाई मला ओळखायचे. माँटेनेग्रोच्या नाक्यावरचा एक जाड्या शिपाई दर वेळी माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारायचा, "अजून चालते का रे ही?" मुनिब पासपोर्टांचा गठ्ठा त्याच्या हातात देत म्हणायचा, "तुझ्यापेक्षा जास्त चालते." उतरताना पाहुणे माझ्यासोबत फोटो काढायचे. कुणी घाटात मी दमले नाही म्हणून कौतुक करायचे. मी फार सुखात होते, मित्रांनो.

पण या मुलखात एक गोष्ट मी लवकर शिकले. इथे लढाई होऊन गेली आहे. ज्या वळणावर पाहुण्यांना नुसती सुंदर दरी दिसते, त्या वळणावर मुनिब रेडिओ बंद करायचा. वेद्राना इतिहास सांगायची, पण काही गावांतून जाताना तिचा माइक मांडीवरच राहायचा. मला आधी ते कळत नसे. नंतर मीही अशा ठिकाणी जमेल तितक्या हळू आवाजात चालू लागले.

आता मी तुम्हाला काताबद्दल सांगते.

एका सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाहून एक आजीबाई आमच्या सहलीला आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. अंगात फिकट जांभळं जाकीट, केस बारीक कापलेले, हातात कापडी पिशवी. फक्त इंग्रजीतच बोलायच्या. डाव्या बाजूच्या खिडकीजवळ बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत. बाकीचे पाहुणे प्रत्येक ठिकाणी उतरून फिरायचे. या काचेतून बघत राहायच्या.

मोस्तारला सगळे जुना पूल बघायला गेले. नदीवरून गार वारा येत होता. मुनिबने माझ्या शेजारच्या टपरीवरून दोन कॉफ्या आणल्या आणि एक आजीबाईंना दिली. त्यांनी साखरेचा खडा कॉफीत नुसता टेकवला, दातांनी कडकन तोडला आणि मग घोट घेतला.

मुनिब आरशातून बघत होता. तो आपल्या भाषेत म्हणाला, "मावशी, साखर अशी चावून कॉफी पिणारी ऑस्ट्रेलियन बाई मी तरी आजवर बघितली नाही."

आजीबाईंचा हात तसाच थांबला. मग त्याच भाषेत, जुन्या खेडवळ सुरात म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस."

"कोणतं गाव?"

"स्मोकवेनाक."

"स्तोलात्सच्या पुढचं? अहो, उद्या आपण तिथूनच जाणार आहोत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले. एकटीने यायची हिंमत झाली नाही. सहलीत आलं की बरं असतं. गाडी पुढे निघून जाते. आपल्याला काही ठरवावं लागत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं नाव काता. लग्न होऊन त्या तरुणपणीच नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेल्या. धाकटी बहीण रुझा गावातच राहिली आणि तिने रासिम नावाच्या सुताराशी लग्न केलं. रासिम वेगळ्या धर्माचा. तेव्हा त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. लग्नात काताने परदेशातून पांढरे बूट पाठवले होते. मग लढाई पेटली. कालचे शेजारी समोरासमोर उभे राहिले. या दोघींचा एकुलता भाऊ त्यात मारला गेला. कुणाच्या गोळीने, ते कधी कळलं नाही.

"मी तिला फोन केला," काता म्हणाल्या. "फोन लागायला आठवडे गेले होते. आणि लागला तेव्हा मी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, त्या माणसाचं घर सोड. नाही सोडलंस तर मला बहीण नाही. ती एक अक्षर बोलली नाही. फोन ठेवून दिला. रासिमने आयुष्यात लाकडाशिवाय कशाला हत्यार लावलं नव्हतं रे. मलाही ते माहीत होतं."

"मग पुन्हा फोन?"

"नाही. तिनेही नाही, मीही नाही. रासिम गेला ते मला दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हाही मी काही केलं नाही."

मुनिबने कप खाली ठेवला. "उद्या वळणावर हळू करू का?"

"हळू कर," काता म्हणाल्या. "थांबवू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डोंगर उघडेबोडके, मध्ये लाल माती, दगडी कुंपणं, डाळिंबं. वेद्राना मध्ययुगातल्या कोरीव थडग्यांबद्दल सांगत होती. स्मोकवेनाक जवळ आलं तसा मुनिबने माझा वेग कमी केला. वळणावर रस्त्याला लागूनच एक घर होतं. अंगणात द्राक्षाचा मांडव आणि काळ्या कपड्यांतली एक वाळलेली बाई चादर झटकत होती.

आम्ही हळूहळू पुढे गेलो. घर मागे पडलं. खिडकीच्या काचेवर काताचा तळवा दाबलेला होता. तो मला जाणवत होता. मग त्यांच्या तोंडून आवाज फुटला. "थांबव!"

मुनिबने तत्काळ ब्रेक दाबला. मागे बसलेले न्यूझीलंडचे निवृत्त मुख्याध्यापक, मिस्टर हॅलोरन, पुढच्या खुर्चीवर आपटले.

"आता काय झालं?" ते कुरकुरले. "संध्याकाळची माँटेनेग्रोतली बोट चुकेल आपली!"

वेद्रानाने मुनिबकडे पाहिलं. मुनिब एवढंच म्हणाला, "बहीण आहे यांची. लढाईपासून बोलल्या नाहीत."

वेद्रानाने माइक बंद केला. सगळ्यांकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "आपण इथे थोडा वेळ थांबणार आहोत. बोट चुकली तर चुकली. ज्यांना राग येईल त्यांनी माझ्यावर काढावा."

मी मागे मागे येत त्या फाटकासमोर उभी राहिले.

मुनिबने हात धरून काताला उतरवलं. फाटकाच्या अलीकडे त्या, पलीकडे रुझा. रुझाने चादर घडी करून खांद्यावर टाकली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रुझा पाठ फिरवेल आणि दार लावून घेईल.

"जाड झालीस," रुझा म्हणाली.

"तू वाळलीस."

"मला खायला घालणारा गेला."

काताने मान खाली घातली. "रुझा, मी त्या वेळी फोनवर..."

"ते राहू दे. गाडीत माणसं किती आहेत?"

"असतील आठ-नऊ."

"आणि त्यांना उन्हात बसवून ठेवलंस? आईने हे शिकवलं होतं?" तिने फाटक उघडलं. "बोलव सगळ्यांना. कॉफी टाकते."

असे सगळे त्या मांडवाखाली जाऊन बसले. मी बाहेरच होते, पण दारं उघडी होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. रुझाने कॉफी दिली, ताटभर अंजिरं दिली, चीज दिलं. मिस्टर हॅलोरन बोटीचं विसरून अंजिरांवर तुटून पडले. भाषा कळत नसल्यामुळे पाहुणे गप्पच होते. त्यांना एवढं कळत होतं की इथे मोठ्याने बोलायचं नाही.

दोघी बहिणी ओट्याच्या कडेला बसल्या. काता म्हणाल्या, "मला माफ कर."

रुझा हातातला रिकामा कप फिरवत राहिली. "आमचं घर जळलं तेव्हा मी वाट बघितली, तुझा फोन येईल. परत येऊन भिंती बांधल्या, तेव्हा बघितली. रासिमला मातीत ठेवलं तेव्हा तर फाटकाकडेच बघत होते. लोकांना वाटलं, मला वेड लागलं."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं असतंस तर माहीत झालं असतं."

काता रडू लागल्या. रुझाने त्यांना जवळ घेतलं नाही. ती म्हणाली, "माफ वगैरे मला जमेल की नाही, माहीत नाही काता. तोंडदेखलं मी म्हणणार नाही. पण तू फार दमलेली दिसतेस. आत खाट आहे. पड जरा."

निघायची वेळ झाली. पाहुणे एकेक करून माझ्यात चढले. काता सर्वांत शेवटी आल्या, पण चढल्या नाहीत. "माझी बॅग काढून दे," त्या मुनिबला म्हणाल्या.

वेद्राना गोंधळली. "मावशी, बेलग्रेडहून तुमचं विमान आहे. पुढची हॉटेलं..."

"विमानं रोज उडतात गं. ही रोज फाटक उघडेल याचा भरवसा नाही."

रुझा मागून ओरडली, "मी ऐकतेय हं! कानाने अजून धड आहे मी!"

मुनिबने बॅग ओट्यावर नेऊन ठेवली. आम्ही निघालो तेव्हा दोघी फाटकात उभ्या होत्या. मध्ये हातभर अंतर ठेवून. बोट चुकली. कुणी तक्रार केली नाही. अल्बेनियाच्या घाटात, ओह्रिडच्या तळ्याकाठी, सगळीकडे वेद्राना सवयीने माणसं मोजायची आणि डावीकडच्या रिकाम्या खुर्चीशी येऊन थांबायची.

त्यानंतर प्रत्येक सहलीत आम्ही त्या वळणावर थांबू लागलो. पाहुण्यांना वाटायचं, ही जागा कार्यक्रमातच आहे. दोघी फाटकाशी यायच्या. एक डाळिंबं द्यायची, दुसरी मुनिबला टोमणे मारायची. कधी दोघींचं कडाडून भांडण चाललेलं असायचं. काताला चूल पेटवता येत नाही, रुझा मीठ जास्त घालते. त्यांच्यातलं ते अंतर हळूहळू कमी झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात मी पाहिलं, रुझा काताच्या केसांना तेल लावत होती.

त्यानंतरच्या वसंतात आम्ही थांबलो, तेव्हा फाटकाशी काता एकट्याच आल्या. काळ्या कपड्यांत होत्या. रुझा हिवाळ्यात गेली होती, झोपेतच.

मुनिबने टोपी काढली. "मावशी, आता परत जाणार तिकडे?"

"कुठे जाऊ? दोन कबरी आहेत इथे, त्यांचं गवत कोण काढणार?" त्यांनी फाटकाचा दांडा घट्ट धरला होता. "ती मला शेवटपर्यंत 'माफ केलं' म्हणाली नाही. पण माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणत होती. एकच झाला." मग त्या म्हणाल्या, "मला तिच्याबरोबर दोन उन्हाळे मिळाले, मुनिब. तीस मिळाले असते. बोटाने नंबर फिरवायचा होता फक्त."

त्या दिवशी मुनिबने मला फार हळू चालवलं.

मित्रांनो, पुढे माझंही वय झालं. धूर वाढला, घाटात मी तापू लागले. सीमेवर ताटकळले की पुन्हा सुरूच व्हायची नाही. नव्या पाहुण्यांना थंड हवेच्या, मोबाइल चार्ज होणाऱ्या गाड्या हव्या होत्या. एका चढावर माझं इंजिन कायमचं बसलं आणि मला ओढत इथे आणलं. वेद्राना आता दुसऱ्या गाडीतून जाते. मुनिबचे गुडघे गेले. तो कधी दुपारी येतो, स्टिअरिंगमागे बसून सिगारेट ओढतो आणि जातो. कुणी माझे आरसे नेले, कुणी पडदे नेले. येणारी-जाणारी पोरं माझ्या उरलेल्या काचांवर दगड मारतात.

तुमच्या गावातही अशी एखादी जुनी गाडी कोपऱ्यात उभी असेल. तिच्यावर दगड मारू नका. तिच्यात कुणी कुणी बसून गेलं असेल, कुणाला ती कुठे घेऊन गेली असेल, तुम्हाला ठाऊक नाही. जमलं तर तिच्या टपावरची पानं काढा.

आणि दुसरी विनंती तुमच्यासाठी. माझ्या पत्र्याला गंज चढला तर तो घासता येतो, वर रंग देता येतो. माणसांमधल्या अबोल्याला असं काही लावता येत नाही. एखादं घर असेल, ज्याच्यावरून तुम्ही मान वळवून पुढे जाता, तर कधीतरी त्या फाटकाशी उभे राहा. दार उघडेल असं मी सांगत नाही. उघडलं तरी आतून गोड शब्द येतील असंही नाही. मी स्वतः थांबले ती इंजिन बंद पडल्यावर. तुम्ही चालते-फिरते असतानाच थांबा.